प्लेथोरा म्हणजे नुसतं 'भरपूर' का?

रानजाई

मी भाषांतराची कामं घेते. सरकारी अहवाल, संस्थांचे वार्षिक वृत्तांत, कंपन्यांची माहितीपत्रकं असलं सगळं येतं माझ्याकडे आणि दर चार पानांमागे इंग्रजीतला एक प्लेथोरा भेटतोच. प्लेथोरा ऑफ ऑपॉर्च्युनिटीज, प्लेथोरा ऑफ स्कीम्स, प्लेथोरा ऑफ चॅलेंजेस. बहुतेक जण सरसकट 'भरपूर' नाहीतर 'विपुल' टाकून पुढे जातात, मला ते पटत नाही म्हणून हा धागा काढतेय.

हा शब्द मुळात दवाखान्यातला. ग्रीकमध्ये भरलेपणाला म्हणायचे, तिथून लॅटिनमध्ये आला आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत शिरला तो सरळ एका आजाराचं नाव म्हणून. अंगात रक्त प्रमाणाबाहेर झालंय, चेहरा लालबुंद, डोकं जड, शिरा तट्ट फुगलेल्या, ह्या अवस्थेला प्लेथोरा म्हणायचे. 'कुठल्याही गोष्टीचा अतिरेक' हा अर्थ साधारण १७०० च्या सुमारास चिकटला आणि नुसतं 'खूप सारं' हा तर त्याच्याही नंतरचा.

ह्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट गेलनची आहे. गेलन म्हणजे दुसऱ्या शतकात रोममध्ये नावाजलेला वैद्य, मूळचा पर्गमॉनचा. त्याने ह्या भरलेपणावर वेगळं पुस्तकच लिहिलं होतं आणि त्यात दोन प्रकार सांगितलेत. एक, रक्तवाहिन्या खरोखरच काठोकाठ भरून ताणल्या गेल्यात. आणि दुसरा, वाहिन्या ताणलेल्या नाहीत, रक्त मापाने बघितलं तर बेताचंच आहे, पण ते वाहून न्यायची त्या शरीराची ताकदच उरलेली नाही. म्हणजे तेवढंच रक्त धट्ट्याकट्ट्या माणसाला ठीक आणि आजाऱ्याला जास्त! अतिरेक हा आकड्यात नसतो, पेलणाऱ्याच्या कुवतीत असतो, हे त्या माणसाने अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय आणि आपण 'विपुल' लिहून मोकळे होतो.

म्हणून मी प्लेथोरा दिसला की आधी विचारते, ह्या वाक्यात कुणाला काही पेलत नाहीये का? पेलत नसेल तर 'विपुल' चुकीचं. मराठीत ह्यासाठी काय काय वापरता ते सांगा, उदाहरणासकट सांगितलंत तर फार बरं होईल. सध्या माझ्यासमोर असलेलं वाक्य असं आहे: ग्रामीण महिलांसाठी योजनांचा प्लेथोरा आहे पण त्यातली नेमकी कुठली आपल्याला लागू होते हे त्यांना कळत नाही.

---

पानगळ

धागा आवडला, पण पहिलाच प्रतिसाद थोडा विरोधी लिहितोय, राग मानू नका. शब्द कुठून आला ह्यावर आज त्याचा अर्थ काय हे ठरत नाही. मेरियम वेबस्टरसारख्या मोठ्या कोशात दोन्ही अर्थ दिलेत, अतिरेक हाही आणि नुसती समृद्धी हाही. आज इंग्रजी बोलणारा माणूस 'शहरात हॉटेलांचा प्लेथोरा आहे' म्हणतो तेव्हा तो तक्रार करत नसतो, खुशीत सांगत असतो. तिथे तुम्ही 'अतिरेक' लिहिलंत तर मूळ लेखकाच्या तोंडी नसलेली तक्रार घातल्यासारखं होईल. आणि हा बदल आत्ताचा नाही, जुना आहे.

तुमच्या वाक्यात मात्र 'पण' आलंय, त्यामुळे तिथे अतिरेकच आहे हे मान्य.

अजून एक निरीक्षण. आज हा शब्द बहुतेक वेळा मोजता येणाऱ्या गोष्टींच्या अनेकवचनाबरोबर येतो. पर्याय, तक्रारी, ॲप्स, नियम. तांदळाचा किंवा पाण्याचा प्लेथोरा असं सहसा कुणी लिहीत नाही. गंमत म्हणजे मुळात तो लागायचा रक्ताला, जे मोजता येत नाही, मापावं लागतं.

---

रानजाई

राग कसला, तुमचा मुद्दा बरोबरच आहे. हॉटेलांच्या वाक्यात मीही 'रेलचेल' लिहीन. माझी तक्रार एवढीच की दोन्ही वाक्यांना एकच शब्द लावला जातो. कोशात दोन अर्थ आहेत म्हणजे भाषांतर करणाऱ्याने दरवेळी थांबून निवड करायची आहे, आणि नेमकी तीच केली जात नाही.

---

काळा_कोट

आमच्या धंद्यात तर ह्या शब्दाशिवाय पान हलत नाही. 'या माननीय न्यायालयाने प्लेथोरा ऑफ जजमेंट्समध्ये असे ठरविले आहे की' हे लेखी युक्तिवादातलं ठरलेलं वाक्य. त्याचा जोडीदार कॅटेना, कॅटेना ऑफ डिसिजन्स. कॅटेना म्हणजे लॅटिनमध्ये साखळी, आणि तो शब्द तिथे खरंच शोभतो कारण एका निवाड्यात आधीच्या निवाड्याचा आधार घेतलेला असतो, दुसऱ्यात त्याचा, कडीला कडी लागत जाते. प्लेथोरा लिहिणाऱ्याला सांगायचं असतं तेच, की असे निवाडे पुष्कळ आहेत आणि सगळे आमच्या बाजूने आहेत, पण रानजाईताई म्हणतात तसा अर्थ धरला तर आपण न्यायाधीशांना सांगतोय की साहेब, तुमचे निवाडे गरजेपेक्षा जास्त झालेत! ज्युनिअर मुलांना मी हल्ली सांगतो की निवाडे दोन असू देत पण नेमके असू देत, नावं आणि परिच्छेद क्रमांक टाका आणि प्लेथोरा काढा. वीस निवाड्यांची यादी जोडली की कोर्ट एकही वाचत नाही.

मराठी अर्जात मी 'अनेक न्यायनिवाड्यांत' एवढंच लिहितो.

---

स्टेथो

बालरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा शब्द आमच्याकडे अजून मूळ अर्थानेच जिवंत आहे हे सांगायला आलो.

एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात 'बेबी प्लेथोरिक दिसतंय' हे आम्ही सहज बोलतो. जन्मल्यावर बाळ गुलाबी असणं वेगळं आणि प्लेथोरिक वेगळं. प्लेथोरिक बाळाचे तळवे, तळपाय, ओठ गडद लाल, जवळजवळ जांभळट दिसतात, रडलं की आणखी गडद होतात. नातेवाईक खूश असतात, बाळ कसं लालबुंद सफरचंदासारखं झालंय म्हणतात, आणि आम्ही काळजीत. कारण रक्तात लाल पेशी जास्त झाल्या की रक्त घट्ट होतं, बारीक वाहिन्यांतून सरकत नाही, बाळ सुस्त पडतं, दूध ओढत नाही, साखर खाली येते. शिरेतून घेतलेल्या रक्तात हिमॅटोक्रिट म्हणजे लाल पेशींचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर गेलं तर त्याला पॉलिसायथेमिया म्हणतात. टाचेला टोचून घेतलेल्या रक्तात आकडा जास्तच येतो, म्हणून तो जास्त आला तर शिरेतून परत घेऊन खात्री करायची असते. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात, त्रास फार असेल तर थोडं रक्त काढून तेवढंच सलाईन आत देतात.

छातीच्या एक्सरेतही हा शब्द आहे. हृदयाच्या पडद्याला भोक असेल तर शुद्ध झालेलं रक्त परत फुफ्फुसांकडेच वळतं, तिथल्या वाहिन्या जाड दिसायला लागतात, त्याला पल्मनरी प्लेथोरा म्हणतात. मोठ्या माणसांत कुशिंग सिंड्रोममध्ये चेहरा गोल होतो आणि लाल पडतो, तो फेशियल प्लेथोरा.

गेलनचा दुसरा प्रकार वाचून थक्क झालो. आम्ही पालकांना रोज हेच समजावतो, की आकडा एकटा बघायचा नाही, बाळाला तो झेपतोय का ते बघायचं.

---

आजोळ

डॉक्टर, एक विचारू का? आमच्या आजोळी पूर्वी बायका तुंबडी लावायला यायच्या. गुडघा नाहीतर पाठ दुखत असली की तिथे आधी फासण्या टाकायच्या म्हणजे पात्याने बारीक बारीक चिरा द्यायच्या आणि त्यावर तुंबडी बसवून तोंडाने ओढून रक्त काढायचं. वाईट रक्त साचलंय ते निघून जातं म्हणायचे. काढलेलं काळं रक्त वाटीत दाखवायच्या. हे प्लेथोराचंच का?

---

स्टेथो

विचार जवळचा आहे पण फरक आहे. सुश्रुतात रक्त काढायला शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे दुध्या भोपळ्याचं पात्र सांगितलंय, तुमची तुंबडी तीच. जळवांचे तर बारा प्रकार दिलेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. तिथे भर रक्त बिघडलंय ह्यावर जास्त आहे. युरोपातल्या प्लेथोरात रक्त बिघडलेलं असायलाच हवं असं नाही, ते नुसतं जास्त झालंय हेच आजाराचं कारण.

आणि त्यापायी युरोपात जे झालं ते भयंकर आहे. अंगात जास्त झालंय म्हटल्यावर उपाय एकच, काढा. शीर उघडायचं छोटं दुधारी पातं असायचं त्याला लॅन्सेट म्हणत, त्याच नावाचं वैद्यकीय साप्ताहिक लंडनमध्ये १८२३ ला निघालं आणि आजही चालू आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ ला गेले, घसा सुजून श्वास अडत होता आणि एका दिवसात त्यांचं दोन लिटरहून जास्त रक्त काढलं गेलं. पहिल्यांदा तर डॉक्टर यायच्या आधी त्यांनी स्वतःच सांगून काढून घेतलं होतं, इतका विश्वास होता लोकांचा. फ्रान्समध्ये ब्रूसे नावाच्या डॉक्टरच्या प्रभावाने जळवांची एवढी चाल पडली की १८३३ साली बाहेरून मागवलेल्या जळवांचा आकडा चार कोटींच्या वर सांगतात. मग पियेर लुई नावाच्या पॅरिसच्याच डॉक्टरने न्यूमोनियाचे रुग्ण नीट मोजून, कुणाचं रक्त कधी काढलं आणि पुढे काय झालं ते मांडून १८३५ ला दाखवलं की ह्याचा फायदा लोक समजतात त्याच्या जवळपासही नाही. तो माणूस मला फार मोठा वाटतो. सगळे वरिष्ठ एका दिशेला असताना शांतपणे मोजत बसणं सोपं नसतं.

मात्र एका आजारात आजही रक्त काढणं हाच मुख्य उपाय आहे. पॉलिसायथेमिया व्हेरा. हाडांतला मगज लाल पेशी करतच सुटतो, मग रक्तदानासारखी पिशवी लावून ठराविक दिवसांनी रक्त काढतात आणि हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवतात.

---

निफाडचा

मी शेतकरी माणूस, इंग्रजी बेताचं. पण पेपरात आमच्याबद्दल ग्लट हा शब्द येतो, अनियन ग्लट. तोही ह्याच घरातला काय?

---

पानगळ

अर्थाने हो दादा, पण घराणं वेगळं. ग्लटच्या मुळाशी लॅटिनमधलं गिळणं आहे. बाजाराने गिळायचं तेवढं गिळलं, आता घशाखाली उतरत नाही. तिसरा भाऊ सर्फीट, तो खाण्याच्या अतिरेकाचा. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ११३५ साली वैद्यांनी नको म्हटलेले लॅम्प्री मासे भरपेट खाऊन आजारी पडला आणि गेला, ते सांगताना इंग्रजीत हमखास सर्फीट हाच शब्द येतो.

---

निफाडचा

मग बरोबर आहे. आता आमच्याकडचं सांगतो, कारण रानजाईताईंनी ते कुवतीचं लिहिलंय ते इथे पुरेपूर लागू पडतं.

कांदा जास्त झाला जास्त झाला म्हणून बोंब होते पण कुठला कांदा ते कुणी विचारत नाही. उन्हाळी कांदा चाळीत टाकला की नीट वाळवलेला असेल तर चार-पाच महिने राहतो, शेतकरी थोडा थोडा काढतो, भाव बघून काढतो. लाल कांदा टिकत नाही, त्यात पाणी जास्त, तो काढला की विकायचाच. म्हणून लाल कांद्याचा सीझन चालू झाला की सगळ्यांचे ट्रॅक्टर एकाच आठवड्यात लासलगावला, पिंपळगावला लायनीत उभे. तेवढाच माल दोन महिन्यात आला असता तर कुणी जास्त म्हटलं नसतं. त्यात निर्यात बंद झाली की संपलंच, माल तेवढाच पण वाट बंद. लिलावात जो भाव पुकारतात त्यात काढणीची मजुरी आणि गाडीभाडं निघत नाही, मग लोक रोटर मारतात उभ्या पिकात, ते बघवत नाही. पिकवलेलं जास्त नसतं हो, धरून ठेवायची सोय कमी असते. त्याला अतिउत्पादन म्हणून मोकळं होणं हा आमच्यावर अन्याय आहे हे मी ठामपणे सांगतो.

आमच्यात म्हणतात, माल तुंबला. तुंबला म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं की पुढे कुठेतरी अडलंय.

---

रानजाई

दादा, 'तुंबणे' मी लिहून घेतलं. हा शब्द माझ्या डोक्यात कधीच आला नसता. अर्जांचा प्लेथोरा, खटल्यांचा प्लेथोरा, तिथे 'तुंबले' अगदी चपखल बसतं आणि दोष कुठे आहे तेही सांगतं.

---

हरिपुरी

अजून कुणी 'पेव फुटणे' लिहिलं नाही म्हणून लिहितो. इंग्रजी शाळांचं पेव फुटलं, खाजगी क्लासेसचं पेव फुटलं असं आपण म्हणतो ते प्लेथोराच्या सगळ्यात जवळचं आहे. पण हल्ली पेव म्हणजे काय हेच तरुण मुलांना माहीत नसतं.

सांगलीजवळ आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच अरुंद आणि आत गेल्यावर पोट मोठं. आमच्या भागातली माती पाणी धरत नाही म्हणून ते जमतं. हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि मातीने लिंपून टाकायचं. आतली हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. उघडताना मात्र घाई चालत नाही. तोंड उघडून ठेवायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची आणि मगच माणूस उतरवायचा, नाहीतर गुदमरून जीव जातो. ज्वारीच्या पेवातही तसंच. जुनी माणसं कंदील सोडून बघायची, विझला तर उतरायचं नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली, हळद गेली ती गेलीच. आता लोक शीतगृहात ठेवतात. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आनंद झाला पण पेवांकडे कुणी लक्ष दिलं नाही ह्याचं वाईट वाटतं. उरलेली दोनचार तरी नीट जपायला हवीत.

तर सांगायचं म्हणजे पेवात भरलेलं असतं तोवर ती श्रीमंती. फुटलं की मग 'पेव फुटलं'. म्हणून हा शब्द चांगल्या अर्थाने कुणी वापरत नाही. ग्रंथालयांचं पेव फुटलं असं कधी ऐकलंय का?

---

पानगळ

वा! हरिपुरी, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका.

त्यावरूनच सुचलं, मराठीत पसंती-नापसंती शब्दातच बसवलेली असते. रेलचेल पंगतीत पदार्थांची, सुळसुळाट उंदरांचा किंवा बोगस डॉक्टरांचा, बुजबुजाट मुंग्यांचा, भडिमार प्रश्नांचा, खच पडतो तो फुलांचा किंवा प्रेतांचा. उदंड म्हटलं की मन प्रसन्न, भारंभार म्हटलं की कपाळाला आठी. बक्कळ आणि रग्गड पैशाला छान लागतात, दुःखाला लागत नाहीत. इंग्रजीत प्लेथोरा एकटाच ही सगळी कामं करतो म्हणून त्याचा अर्थ पातळ झाला, असं माझं मत.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्या कोंकणीत 'चड' म्हणजे जास्त, आणि 'चड जालें' म्हटलं की पुरे आता, हाताबाहेर गेलं. एवढंच.

---

काळा_कोट

व्याकरणाचं राहिलं. 'अ प्लेथोरा ऑफ ऑप्शन्स' नंतर इज की आर? आमच्याकडे ह्यावर वाद होतात.

---

पानगळ

पर्याय डोळ्यासमोर असतील, म्हणजे 'खूप पर्याय उपलब्ध आहेत', तर आर. तो गोतावळा एक गोष्ट म्हणून त्रासदायक वाटत असेल तर इज. पहिलं जास्त ऐकू येतं, दुसरं चूक नाही.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य मी असं केलंय: 'ग्रामीण महिलांसाठी योजना भारंभार आहेत, पण त्यातली आपल्याला लागू होणारी नेमकी कुठली हे त्यांना उमगत नाही.' आधी 'पेव फुटलंय' लिहिलं होतं, पण अहवाल योजना राबवणाऱ्यांचाच आहे आणि त्यात योजनांवर राग नाही, बायकांची अडचण आहे. 'तुंबल्या'ही बघितलं, पण योजना तुंबत नाहीत, अर्ज तुंबतात, आणि पुढच्याच परिच्छेदात तालुक्याला पडून राहिलेल्या अर्जांचं आहे, तिथे निफाडच्या दादांचा शब्द वापरला.

---

आजोळ

एक शेवटचं, भाचीचं कॉलेजात प्रेझेंटेशन आहे आणि त्यात हा शब्द आहे. म्हणायचं कसं? प्लेथोरा, प्लिथोरा की प्लेटोरा?

---

पानगळ

जोर पहिल्या अक्षरावर, प्ले-थ-रा. मधला 'थो' लांबवायचा नाही, जवळजवळ गिळायचा. आणि तो 'थ' आपल्या थेंबातला नाही, जीभ वरच्या दातांच्या टोकाला हलकीच लावून हवा सोडायची, थिंकमधला. भाचीला म्हणावं आधी पाच-सहा वेळा थिंक, थीम, थेरपी म्हणून घे आणि मग हा शब्द घे, जमतो. फारच अडलं तर सरळ 'टू मेनी' म्हणू दे, अर्थ जास्त नीट पोचेल.